मायकेल फॅरडे : विद्या वांटून वाढविणारा लोहाराचा मुलगा

आपल्या देशांत एक जुनी खोड आहे. औषधाची मुळी ठाऊक असलेला वैदू ती कोणास दाखवीत नाहीं. मरतेवेळीं मुलाच्या कानांत सांगूं असें तो म्हणतो, आणि पुष्कळदां सांगण्यापूर्वींच त्याचा अंत होतो. कारागीर आपली हातोटी शेजाऱ्याच्या नजरेस पडूं नये म्हणून पाठ फिरवून काम करितो. अशा रीतीनें किती विद्या मातींत गेली असेल, तें देवासच ठाऊक! ही खोड आतां शाळा-कॉलेजांत शिकणाऱ्या आपल्या मुलांतहि उतरलेली दिसते. कोणी विहिरीवरच्या पंपाची एखादी सोपी दुरुस्ती शोधून काढतो, कोणी संगणकाच्या साह्यानें शेतीचा हिशेब ठेवण्याची नवी रीत बसवितो; पण ती दुसऱ्यास सांगितली तर आपला मान कमी होईल अशी त्यास धास्ती वाटते. दुसरा एखादा निराळ्याच कारणानें गप्प बसतो. आपण खेड्यांतले, गरिबाचे. आपलें कोण ऐकून घेणार, असें त्याच्या मनांत येतें. या दोन्ही प्रकारच्या तरुणांसाठीं आम्ही आज मायकेल फॅरडे यांचें चरित्र थोडक्यांत देत आहों. ज्या शोधामुळें आज गांवोगांवीं विजेचे दिवे लागतात, तो शोध या पुरुषानें केला, आणि केला तसा जगाला देऊन टाकला.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स या वस्तींत झाला. बाप जेम्स हा लोहार. उत्तर इंग्लंडांतून पोटासाठीं शहराकडे आलेला. त्याची प्रकृति बरी नसे, त्यामुळें हातांत काम नेहमीं नसे, आणि चार मुलांचा संसार आई मार्गारेट मोठ्या कष्टानें चालवी. १८०१ सालीं धान्य फार महाग झालें, तेव्हां मायकेलच्या वांट्यास आठवड्याला एकच पाव येई आणि तो त्याला सात दिवस पुरवावा लागे, असें सांगतात. शाळेंत तो वाचणें, लिहिणें आणि थोडासा हिशेब एवढेंच शिकला. पण घर देवभीरु होतें. सँडेमेनियन नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीशीं या कुटुंबाचा संबंध होता. या मंडळीचे लोक साधेपणानें राहत, एकमेकांच्या गरजा भागवीत, आणि पृथ्वीवर संपत्तीचा सांठा करणें अयोग्य मानीत. या शिकवणीचा ठसा मायकेलच्या मनावर जन्मभर राहिला. पुढें विद्येची संपत्ति हातीं आली, तेव्हां तिचाहि त्यानें सांठा केला नाहीं.

१८०४ सालीं, वयाच्या १३ व्या वर्षाच्या सुमारास, तो जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तक-विक्रेत्याकडे निरोप्या म्हणून राहिला. त्या काळीं वर्तमानपत्र महाग असे, म्हणून एकच प्रत पुष्कळ घरीं आळीपाळीनें वाचावयास जाई. ती प्रत पोंचविणें व परत आणणें हें मायकेलचें काम. पुढच्याच वर्षीं रीबोनें त्याला पुस्तकें बांधण्याचा धंदा शिकण्यासाठीं सात वर्षांच्या कराराने शागीर्द म्हणून घेतलें, आणि त्याची इमानी चाकरी पाहून शिकविण्याबद्दल कांहीं पैसा घेतला नाहीं. मुलगा दिवसा पुस्तकें बांधी आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें फावल्या वेळीं वाची. ज्ञानकोशांतील विजेवरचा लेख त्यानें असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंनीं रसायनशास्त्रावर संवादरूपानें लिहिलेलें एक पुस्तक त्याच्या हातीं आलें. या बाई मोठ्या विद्वानांचीं व्याख्यानें ऐकत, आणि आपणांस समजण्यास अवघड गेलेली गोष्ट दुसऱ्यांस सोपी व्हावी म्हणून त्यांनीं तें पुस्तक लिहिलें होतें. मायकेलनें त्यांतील प्रयोग आपल्या तुटपुंज्या पैशांत करून पाहिले, कांचेच्या बाटलीपासून विजेचें एक लहानसें यंत्रहि बनविलें. त्या बाईंनीं आपलें ज्ञान स्वतःजवळच ठेवलें असतें, तर बांधणावळीच्या दुकानांतील त्या मुलास तें कोठून मिळालें असतें? मोठेपणीं फॅरडे हें ऋण विसरले नाहींत. आपले लेख प्रसिद्ध झाले म्हणजे ते त्या बाईंकडे आठवणीनें पाठवीत.

१८१० सालीं लंडनमधील टेटम नांवाच्या एका गृहस्थाच्या घरीं सायंकाळीं शास्त्रीय विषयांवर व्याख्यानें होत असत. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग पडे. मायकेलजवळ तो नव्हता. त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट बापाप्रमाणेंच लोहारकाम करी, त्यानें आपल्या मजुरींतून ते पैसे दिले. व्याख्यानांतील यंत्रांच्या आकृति नीट काढतां याव्यात म्हणून मायकेलनें रीबोच्या घरीं राहणाऱ्या मास्केरिये नांवाच्या एका फ्रेंच चित्रकाराकडून चित्रकला शिकून घेतली, आणि मोबदला म्हणून त्याची खोली झाडून दिली. त्या व्याख्यानांस येणाऱ्या तरुणांशीं त्याची मैत्री जमली. त्यांपैकीं बेंजामिन अ‍ॅबट याला तो लांबलांब पत्रें लिही. आज काय वाचलें, कोणता प्रयोग केला, कोठें चुकलें, हें सारें त्या पत्रांत असे. त्याच्या पहिल्या पत्रांपैकीं एकांत त्यानें जस्ताचे लहान तुकडे, तांब्याचे तुकडे आणि खारट पाण्यांत भिजविलेले कागद एकावर एक रचून वीज कशी उत्पन्न केली, त्याची हकीकत आहे. त्या वेळीं त्याच्याजवळ पदवी नव्हती, पद नव्हतें, पैसा नव्हता. सांगण्यासाठीं कोणी मोठें होईपर्यंत थांबावें लागत नाहीं. एक मित्र आणि एक कागद इतकें पुरतें, हें या पत्रांवरून दिसून येतें.

१८१२ सालीं दुकानांत येणारे डान्स नांवाचे एक गिऱ्हाईक त्याच्या वहीवर खूष झाले. त्यांनीं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत होणाऱ्या सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. मायकेलनें चार व्याख्यानें ऐकलीं, घरीं येऊन तीं सविस्तर लिहून काढलीं, आकृति काढल्या, आणि सुमारें ३०० पानांचें तें हस्तलिखित स्वतःच्या हातानें सुंदर बांधलें. त्या वर्षाच्या अखेरीस त्यानें तें डेव्हीसाहेबांकडे पाठवून शास्त्राच्या सेवेंत कांहीं काम मिळावें अशी विनंती केली. थोड्याच महिन्यांत तेथील एका साहाय्यकास भांडणामुळें काढून टाकावें लागलें, आणि १ मार्च १८१३ रोजीं मायकेलची त्या जागीं नेमणूक झाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग, आणि राहावयास माडीवरच्या दोन खोल्या. जें ऐकलें तें नीट लिहून दुसऱ्याच्या हातीं दिलें, म्हणून हें दार उघडलें. नुसतें ऐकून तो घरीं बसला असता तर जन्मभर पुस्तकेंच बांधीत राहिला असता.

पुढें दीड वर्ष तो डेव्हीसाहेबांबरोबर यूरोपांत फिरला. पॅरिसमध्यें आंपेर आणि मिलानमध्यें व्होल्टा अशा विद्वानांस त्यानें पाहिलें. वाटेंत साहेबांच्या पत्नीनें त्यास नोकराप्रमाणें वागविलें. तें त्याला फार लागलें, पण विद्येसाठीं त्यानें तें सोसलें. १८१५ च्या शरदऋतूंत डेव्हीसाहेबांनीं कोळशाच्या खाणींत स्फोट न होतां जळणारा जाळीचा दिवा शोधून काढला. मायकेल त्या कामीं त्यांचा मदतनीस होता. त्या दिव्याचें पेटंट घेऊन साहेबांना पुष्कळ पैसा करितां आला असता, पण खाणींतील मजुरांचे जीव वांचावे म्हणून त्यांनीं तें घेतलें नाहीं. हा धडा शिष्यानें डोळ्यांदेखत पाहिला.

याच काळांत व्याख्यान देण्याची कलाहि त्यानें कसून शिकली. दुसऱ्यांचीं व्याख्यानें ऐकतांना तो बोलणाऱ्याकडेहि बारकाईनें पाही. वक्त्याचा आवाज, त्याचें उभें राहणें, प्रयोग मागच्या रांगेंतल्या माणसास दिसतो कीं नाहीं, श्रोते केव्हां कंटाळतात, हें सर्व टिपून त्यानें अ‍ॅबटला १८१३ सालीं पत्रें लिहिलीं. १८१६ सालीं टेटम यांच्या घरच्या मंडळापुढें त्यानें स्वतः पहिलें व्याख्यान दिलें, आणि त्याच वर्षीं त्याचा पहिला लहानसा शास्त्रीय लेख छापून आला. सांगण्याची विद्या ही शोधण्याच्या विद्येइतकीच मेहनतीची आहे, हें त्यानें लवकर ओळखलें होतें.

यापुढें आम्ही त्यांस आदरानें फॅरडेसाहेब असें म्हणूं. कारण १८२१ सालीं त्यांच्या हातून असें काम झालें कीं त्यांचें नांव सर्व यूरोपांत पोंचलें. आदल्या वर्षीं डेन्मार्कमधील अर्स्टेड या विद्वानास असें आढळलें होतें कीं, तारेंतून वीज वाहत असतां जवळची होकायंत्राची सुई हलते. फॅरडेसाहेबांनीं सप्टेंबर महिन्यांत पाऱ्याच्या भांड्यांत एक तार अशी टांगली कीं, तींतून वीज सोडतांच ती लोहचुंबकाभोंवतीं गरगर फिरूं लागली. विजेच्या जोरावर वस्तु सतत फिरती ठेवण्याची ही पहिली युक्ति. आपल्या विहिरीवरील विजेचा पंप आणि घरांतील पंखा हे तिचेच वंशज होत. साहेबांनीं ही गोष्ट लागलीच छापली. इतकेंच नव्हे, तर कांचेच्या लहान नळींत मावेल असें त्या यंत्राचें छोटें रूप बनवून तें यूरोपांतील विद्वानांकडे पाठविलें, म्हणजे ज्याला वाचून समजणार नाहीं त्याला स्वतःच्या मेजावर तार फिरतांना पाहतां यावी.

परंतु येथेंच त्यांच्यावर मोठें संकट आलें. डॉक्टर वोलस्टन नांवाचे एक वयोवृद्ध शास्त्रज्ञ याच विषयावर आधीपासून विचार करीत होते, आणि त्यांनीं डेव्हीसाहेबांसमवेत त्याच संस्थेंत एक प्रयोग करूनहि पाहिला होता. तो साधला नव्हता, आणि त्यांची कल्पनाहि थोडी निराळी होती. तरी फॅरडेसाहेबांनीं घाईनें छापलेल्या लेखांत त्यांचा उल्लेख आला नाहीं. लगेच कुजबूज सुरू झाली कीं, या लोहाराच्या पोरानें दुसऱ्याची कल्पना चोरली. ज्याच्यापाशीं घराणें नाहीं, पदवी नाहीं, त्याच्याजवळ नांव हीच एक पुंजी असते. तीच जाण्याची वेळ आली. फॅरडेसाहेबांनीं रागावून वाद घातला नाहीं. ते सरळ वोलस्टन यांस पत्र लिहून भेटावयास गेले आणि सर्व हकीकत मोकळेपणानें सांगितली. वोलस्टन यांनीं ती समजून घेतली. पुढें १८२३ सालीं फॅरडेसाहेबांनीं कोणी काय आधीं केलें याचा खुलासा छापून प्रसिद्ध केला. तरीहि किल्मिष उरलेंच. त्यांस रॉयल सोसायटीचें सभासद करण्याचें ठरलें, तेव्हां अध्यक्ष असलेले डेव्हीसाहेबच विरोधांत उभे राहिले. ज्यानें हात धरून वर आणलें त्यानेंच आडवें यावें, याहून मोठें दुःख तें कोणतें? अखेर जानेवारी १८२४ मध्यें ते निवडले गेले. विरुद्ध केवळ एक मत पडलें. डेव्हीसाहेबांविषयीं कृतज्ञतेचे शब्दच फॅरडेसाहेबांच्या तोंडीं जन्मभर राहिले.

आतां कोणी म्हणेल, एवढा त्रास झाल्यावर शहाणा मनुष्य आपले शोध कुलपांत ठेवील. फॅरडेसाहेबांनीं तसें केलें नाहीं. देण्यांत चूक नाहीं, देण्याची रीत सुधारली पाहिजे, असा धडा त्यांनीं घेतला. यापुढें काम पुरतें करावें, तें तारीख घालून नीट लिहावें, ज्यांच्याकडून कांहीं मिळालें त्यांचीं नांवें सांगावीं, आणि मग विलंब न लावतां प्रसिद्ध करावें, असा त्यांचा नियम झाला.

या नियमाची कसोटी १८३१ सालीं लागली. विजेपासून चुंबकशक्ति उत्पन्न होते, तर चुंबकापासून वीज कां उत्पन्न होऊं नये, हा प्रश्न कित्येक वर्षें त्यांच्या मनांत घोळत होता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यांनीं मऊ लोखंडाच्या एका कड्याला दोन बाजूंनीं तांब्याची तार वेगवेगळी गुंडाळली. एका बाजूच्या तारेंतून वीज सोडतांच किंवा बंद करितांच, तिला न जोडलेल्या दुसऱ्या बाजूच्या तारेंत विजेचा क्षणिक झटका उमटला. तेथें ठेवलेली सुई हलली. ऑक्टोबरांत त्यांनीं तारेच्या पोकळ वेटोळ्यांत लोहचुंबक झटकन् घातला आणि काढला. प्रत्येक वेळीं वीज उत्पन्न झाली. चुंबक स्थिर ठेवला कीं कांहीं होईना. तो हलला पाहिजे, ही सर्व गोष्टीची मेख. त्याच महिन्यांत चुंबकाच्या दोन टोंकांमध्यें तांब्याची तबकडी फिरवून त्यांनीं अखंड वीज काढून दाखविली. आज आपण ज्याला जनित्र म्हणतों तें बी हेंच.

हा शोध त्यांनीं २४ नोव्हेंबर १८३१ रोजीं रॉयल सोसायटीपुढें वाचला. मग पॅरिसमधील आशेत नांवाच्या आपल्या मित्रास त्यांनीं पत्रांतून त्याचा सारांश कळविला. तें पत्र तेथील विद्वत्सभेंत वाचलें गेलें, वर्तमानपत्रांत आलें, आणि त्यावरून इटलींतील नोबिली व अंतिनोरी या दोघांनीं घाईनें प्रयोग करून आपला लेख छापला. ज्या अंकांत तो आला त्यावर मागची तारीख होती. त्यामुळें इटलीचे लोकच पहिले, अशी समजूत पसरूं लागली. विश्वासानें लिहिलेल्या एका पत्रानें दहा वर्षांच्या चिंतनाचें श्रेय जाण्याची पाळी आली! फॅरडेसाहेबांस वाईट वाटलें. त्यांनीं त्या दोघांचा लेख स्वतःच्या टीपांसह इंग्रजींत छापून आणला, म्हणजे कोणाचें काय हें वाचकांनींच पाहावें. त्यांच्या वहींत प्रत्येक प्रयोगाची तारीख होती. म्हणून सत्य लवकरच सर्वांस कळलें. पण पत्रें लिहिणें त्यांनीं बंद केलें नाहीं.

आणि देण्याचें फळ पाहा. पुढच्याच वर्षीं, १८३२ सालीं, पॅरिसमध्यें पिक्सी नांवाच्या एका यंत्रकारानें फिरत्या चुंबकानें वीज उत्पन्न करणारें हातयंत्र बनविलें. त्यांत एकामागून एक कारागिरांनीं सुधारणा केल्या. आमच्या महाराष्ट्रांत १९१५ सालीं खोपोलीस टाटांचें जलविद्युत् केंद्र चालूं झालें आणि घाटावरून कोसळणाऱ्या पाण्याच्या जोरावर मुंबईस वीज जाऊं लागली. तेथेंहि तत्त्व तेंच. पाणी चक्र फिरवितें, चक्राबरोबर चुंबक व तारा एकमेकांपुढून फिरतात, आणि तारांत वीज वाहते. त्या लोखंडी कड्याची गोष्ट फॅरडेसाहेबांनीं दडवून ठेवली असती, तर हें सारें किती वर्षें मागें पडलें असतें कोण जाणे. त्यांनीं आपल्या कोणत्याहि शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. कारखानदारांसाठीं परीक्षणें करून मिळणारी मोठी मिळकतहि त्यांनीं शोधकार्यासाठीं हळूहळू सोडून दिली. त्या दिवसांत संस्थेकडून त्यांस वर्षाला १०० पौंड, राहावयास जागा, कोळसा आणि मेणबत्त्या मिळत. तेवढ्यांत नवराबायको समाधानानें राहत. त्यांस मूलबाळ नव्हतें.

स्वतःस मूल नसलेल्या या गृहस्थाची मुलांवर फार माया होती. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८२५ सालापासून नाताळांत मुलांसाठीं शास्त्रीय व्याख्यानें सुरू झालीं. १८२७ पासून १८६० पर्यंत फॅरडेसाहेबांनीं अशा १९ व्याख्यानमाला स्वतः दिल्या. त्यांपैकीं मेणबत्तीवरील माला विशेष प्रसिद्ध आहे. एक पेटती मेणबत्ती मेजावर ठेवून ते मुलांस विचारांत पाडीत: मेण कोठें जातें, ज्योत पोकळ कां असते, धूर म्हणजे काय, जळतांना पाणी कोठून येतें, आणि आपल्या श्वासाचें व मेणबत्तीच्या जळण्याचें नातें काय. घरांतली रोजची वस्तु घेऊन त्यांनीं सारें रसायनशास्त्र मुलांपुढें उघडलें. विल्यम क्रुक्स या तरुण शास्त्रज्ञानें हीं व्याख्यानें संपादून १८६१ सालीं पुस्तकरूपानें छापलीं, आणि अनेक भाषांत त्यांचीं भाषांतरें झालीं. दुसऱ्या महायुद्धांतील कांहीं वर्षें सोडल्यास नाताळांतील हीं व्याख्यानें आजहि चालू आहेत. आमच्या उपदेशकबंधूंनीं हें ध्यानांत घ्यावें. दाखला घरांतला असला म्हणजे गहन गोष्टहि मुलाच्या पदरांत पडते. आपल्या प्रभूनेंहि पेरणारा, खमीर आणि दिवा हेच दाखले घेतले.

तरुणांस शिकविणारा पुष्कळदां तरुणांकडून शिकण्यास तयार नसतो. फॅरडेसाहेब तसे नव्हते. १८४५ सालीं विल्यम थॉमसन या २१ वर्षांच्या तरुणानें त्यांस पत्र लिहून आपल्या गणितावरून निघणारी एक शक्यता सुचविली. साहेबांचें वय तेव्हां ५३. त्यांनीं तें पत्र बाजूस टाकलें नाहीं, प्रयोगास लागले. पहिले प्रयोग फसले. मग दुर्बिणींसाठीं पूर्वीं बनविलेल्या एका जड कांचेचा तुकडा त्यांनीं काढला. कांच बनविण्याच्या त्या कामीं कित्येक वर्षें खर्ची पडून मनासारखें यश आलें नव्हतें. तोच तुकडा १३ सप्टेंबर १८४५ रोजीं उपयोगी पडला, आणि चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हें प्रथम सिद्ध झालें. तसेंच १८५७ सालीं जेम्स क्लार्क मॅक्स्वेल या पंचविशींतील तरुणानें चुंबकाच्या बलरेषांविषयींच्या फॅरडेसाहेबांच्या कल्पना गणितांत बसवून आपला लेख त्यांच्याकडे पाठविला. साहेबांस गणित येत नसे, आणि त्यांनीं तें कधीं लपविलें नाहीं. त्यांनीं आनंदानें उत्तर लिहिलें, आणि गणितानें निघालेले निष्कर्ष साध्या भाषेंतहि मांडतां येणार नाहींत काय, अशी त्या तरुणाजवळ पृच्छा केली. पुढें मॅक्स्वेल यांनीं त्याच पायावर प्रकाश हा विजेचा व चुंबकाचाच तरंग आहे असें दाखविलें, आणि त्यावरून १८८८ पर्यंत हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें बिनतारी तरंग प्रत्यक्ष उत्पन्न केले. रेडिओ आणि आजचा मोबाईल याच वंशांतले. लोहाराच्या मुलास गणित येत नव्हतें, म्हणून त्यानें आपली कल्पना दडविली नाहीं. ती मोकळी ठेवली, आणि ज्यास गणित येत होतें त्यानें ती पुढें नेली. एकाच्या हातांत सर्व कला नसतात, म्हणूनच वांटून घेण्याची गरज.

त्यांच्या प्रयोगवह्यांत क्रमांक घातलेले १६,००० हून अधिक परिच्छेद आहेत. त्यांत यश आहे तसेंच अपयशहि आहे. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा कांहीं संबंध असावा असें वाटून त्यांनीं १८४९ च्या सुमारास पुष्कळ प्रयोग केले. कांहींच निष्पन्न झालें नाहीं. तेंहि त्यांनीं रॉयल सोसायटीस कळविलें. आपली फजिती जगापुढें मांडणें मोठ्या नांवाच्या माणसास जड जातें. पण त्यामुळें मागून येणाऱ्याची मेहनत वांचते, हें त्यांस ठाऊक होतें.

त्यांची भक्ति जन्मभर तशीच साधी राहिली. जून १८२१ मध्यें सारा बार्नार्ड यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि दुसऱ्याच महिन्यांत मंडळीपुढें विश्वासाचा अंगीकार करून ते सभासद झाले. १८४० सालीं त्यांस वडील नेमण्यांत आलें. मध्यंतरीं १८४४ सालीं मंडळींतील एका मतभेदामुळें त्यांस कांहीं आठवडे बाहेर राहावें लागलें. तें त्यांनीं मुकाट्यानें सोसलें, आणि १८६० सालीं ते पुन्हां वडील झाले. राजदरबारीं मान असलेला हा पुरुष मंडळीच्या गरीब आजाऱ्यांच्या घरीं भेटीस जाई. सरदारकीची पदवी त्यांनीं घेतली नाहीं. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदहि नाकारलें. उतारवयांत त्यांची स्मरणशक्ति क्षीण झाली, तेव्हां त्यांनीं आपण होऊन एकेक काम खालीं ठेवलें. राणी व्हिक्टोरिया यांनीं दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरांत २५ ऑगस्ट १८६७ रोजीं ते प्रभूच्या ठायीं निजले. हायगेटच्या दफनभूमींत त्यांस साधेपणानें पुरण्यांत आलें.

तरुण विद्यार्थ्यांनो, या चरित्रांतून तुम्हीं काय घ्यावें? तुम्हांस जें सांपडलें तें लहान म्हणून लपवूं नका. जस्ताच्या तुकड्यांची हकीकतहि एका मित्रास लिहिण्याजोगी होती. सांगण्यापूर्वीं तें पुरतें करून पाहा, तारीख घालून वहींत लिहा, आणि ज्याच्यापासून शिकलां त्याचें नांव आधीं घ्या. कोणी तुमचें श्रेय नेईल अशी भीति वाटली, तर फॅरडेसाहेबांची वही आठवा. स्वच्छ लिहिलेला कागद हाच उत्तम साक्षीदार. फसलेला प्रयोगहि सांगा. आणि शिक्षक, उपदेशक व मंडळीच्या वडिलांनो, तुमच्या गांवांतील मुलगा किंवा मुलगी कांहीं नवें करून दाखवीत असेल, तर रविवारच्या सायंकाळीं शाळेच्या ओट्यावर तिला चार माणसांपुढें उभें करा. रॉबर्टनें मजुरींतून एक शिलिंग दिला, रीबोनें पुस्तकें मोकळीं ठेवलीं, डान्स यांनीं तिकिटें दिलीं. या तिघांनीं स्वतः कांहीं शोध लावला नाहीं, पण त्यांच्याशिवाय फॅरडे झाला नसता.

जमिनींत पुरून ठेवलेल्या रुपयाचा दाखला आपण सर्वांनीं ऐकला आहे. त्या चाकरानें धन्याचा पैसा खाल्ला नव्हता, उधळलाहि नव्हता. जपून ठेवला होता, आणि तरी तो दोषी ठरला. विद्येचेंहि तसेंच आहे. धान्य कणगींत राहिलें तर त्याला किडा लागतो, शेतांत पडलें तर कणीस येतें. आपल्या घरांतलें बियाणें यंदा शेजाऱ्याच्या शेतापर्यंत पोंचावें, एवढीच आमची इच्छा आहे.